जांभा : दगड की माती?

भूगोलाच्या पुस्तकात ‘जांभी मृदा’ आणि बांधकामावर ‘जांभा दगड’, मग जांभा हे नाव नेमके कशाचे, असा प्रश्न आला आहे. दोन्ही प्रयोग बरोबर आहेत. हा शब्द दगडाबरोबर ‘जांभा’, मातीबरोबर ‘जांभी’ होतो आणि एकटा आला की नाम होऊन ‘जांभ्याचा चिरा’ असा चालतो. मराठीने इथे दगड आणि माती यांच्यात भिंत घातली नाही, कारण मुळात त्या पदार्थातच ती नाही.

उष्ण कटिबंधात खडक नुसता फुटत नाही, रासायनिक क्रियेने आतून सडत जातो. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो, आणि त्यात भर पडते मुबलक पावसाची. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आधी विरघळून जातात, मागोमाग एरवी चिवट असलेली सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, हीही बरीचशी निघून जाते. याला ‘अपक्षालन’ म्हणावे. ‘धूप’ नव्हे, धूप म्हणजे मातीचे कणच वाहून जाणे. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. लाली लोहाची. पालापाचोळा उष्म्यात झपाट्याने कुजून संपतो, म्हणून ती लाली झाकण्याइतका काळा ह्यूमस, म्हणजे कुजलेल्या पाल्याचा अंश, साठत नाही.

आता गंमत पाहा. हाच थर जमिनीत ओला असताना पात्याने कापता येतो, पण उघड्यावर वाळला की टणक होतो आणि पुन्हा भिजवला तरी मऊ पडत नाही. स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस ब्यूकॅननने मलबारात (आजच्या केरळात) अंगाडिपुरमला हे पाहिले आणि 1807 साली लॅटिन ‘लेटर’, म्हणजे वीट, यावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. मल्याळममध्ये याला ‘वेट्टुकल्ल’, म्हणजे कापण्याचा दगड, म्हणतात. पुढे मृदाशास्त्रज्ञांनी त्या मऊ अवस्थेसाठी ‘प्लिंथाइट’ शब्द घडवला, तोही विटेच्या ग्रीक शब्दावरून! एकाला वीट दिसली, दुसऱ्याला कापणे. मराठीने मात्र दोन्ही अवस्थांना एकच शब्द ठेवला, आणि मला तोच सर्वांत नेमका वाटतो.

एक चूक तेवढी टाळावी. ‘तांबडी माती’ हे नाव रंगावरून आहे, ‘जांभी’ म्हणताना मात्र मातीची घडण पाहायची. सिलिका फारशी न गमावताही माती लोहाच्या पातळ लेपाने लाल दिसू शकते. तिला तांबडीच म्हणावे.