रविवारच्या कलावर्गाला स्पर्धेची घाई नको

नमस्कार. फोंडा तालुक्यातील आपल्या गावात नोकरी सांभाळून आपण दर रविवारी मुलांसाठी नाटक, गाणे आणि चित्रकलेचा विनामूल्य वर्ग चालवता. सुरुवातीची गर्दी ओसरून आता बाराच मुले उरली आहेत आणि त्यांचे पालक ‘स्पर्धेत कधी उतरवणार?’ असे विचारू लागले आहेत, म्हणून वर्षअखेरीस मोठा कार्यक्रम करावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, यंदा तरी करू नये.

गोव्यात स्पर्धांनी कलेचे पुष्कळ भले केले आहे. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा आणि भजनी स्पर्धा यांमुळे गावोगावच्या मंडळांना तालमीची शिस्त लागली, हे नाकारता येणार नाही. परंतु स्पर्धेची तारीख ठरली की, ज्याचे पाठांतर पक्के आणि उच्चार स्वच्छ त्याच्याकडे मुख्य भूमिका जाते, आणि जे मूल अडखळते, ज्याला खरे तर या वर्गाची सर्वाधिक गरज असते, ते मागच्या रांगेत उभे राहते. आपला हेतू मुलांच्या वाढीचा असेल, तर पहिले वर्ष अशा कामाला द्यावे, ज्यात कोणालाही वगळून चालत नाही.

त्यासाठी मी गोफ सुचवेन, म्हणजे वरून सोडलेल्या रंगीत पट्ट्या हाती धरून नाचता नाचता त्यांची वेणी विणण्याचे लोकनृत्य. शिगम्यात (गोव्यातील होळीच्या सणात) दक्षिणेकडील काणकोण भागात तो आजही घातला जातो, पण आपल्याकडच्या अनेक मुलांनी तो केवळ शिगम्याच्या मिरवणुकीत दुरून पाहिलेला असतो. देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या सभागृहात मजबूत तुळई पाहून तिला एक कडी लावावी (ती भार पेलते याची खात्री सुताराकडून करून घ्यावी) आणि जुन्या साड्यांच्या वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या तिच्यातून खाली सोडाव्यात. आरंभी आठ मुले पुरेत. चौघे उजवीकडून आणि चौघे डावीकडून निघतात, समोरून येणाऱ्याच्या एकदा आतून आणि एकदा बाहेरून जातात, आणि वर वेणी विणली जाऊ लागते. एकाचे पाऊल चुकले की चूक रंगांतच दिसते. ती कोणी केली यावर वाद घालण्यापेक्षा सर्वांनी मिळून मागे जाणे भाग पडते. विणलेला गोफ उलट्या पावलांनी सोडवताना तर प्रत्येकाला आपल्याबरोबर शेजाऱ्याचीही वाट लक्षात ठेवावी लागते. एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुले या खेळात ‘थांब, तू बाहेरून ये’ असे मोठ्याने सांगू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. उरलेल्या मुलांकडे घुमट (मातीच्या घड्याला कातडे लावलेले वाद्य) आणि कासाळे (मोठी झांज) द्यावे; लय त्यांनी धरायची, आणि पुढच्या खेपेला जागा बदलायच्या. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत, आता बकऱ्याचे लावतात. हा बदल का झाला, हे मुलांना जरूर सांगावे, कारण वन्यजीव संरक्षणाचा धडा याहून जवळून क्वचितच देता येतो.

पालकांना उत्तर द्यावेच लागेल. महिन्यातून एकदा त्यांना तालमीलाच बोलवावे, आपले मूल शिकताना कसे दिसते ते त्यांना पाहू द्यावे. ज्यांना प्रमाणपत्र हवेच आहे, त्यांच्या मुलांसाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा आहेत आणि बालभवनाचे वर्गही आहेत. तिकडे मोकळ्या मनाने पाठवावे, त्यात आपला पराभव मानू नये.

एका बाबतीत मात्र जराही ढिलाई नको. गोव्यात मुलांच्या संरक्षणासाठी 2003 सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि मुलांबरोबर काम करणाऱ्याने तो वाचलेला असावा. वर्गाच्या वेळी आपल्याखेरीज आणखी एक जबाबदार प्रौढ व्यक्ती, शक्यतो एखादी माता, तेथे असावी. कोणत्याही मुलाला एकट्याला मागे थांबवू नये. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. आपण तरुण आहात, गावात सर्वांच्या ओळखीचे आहात, म्हणूनच हे नियम पहिल्या दिवसापासून सर्वांना सांगून पाळावेत.

संख्येची चिंता सोडावी, पण वेळेची सोडू नये. नऊ म्हणजे नऊ, तीन मुले आली तरी. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आणि जत्रेच्या दिवसांत वर्ग बंद राहणार असेल, तर तसे आधीच कळवावे. वर्गातील मोठ्या दोन मुलांना आतापासून पट्ट्या बांधणे, हजेरी घेणे आणि लहानांना पावले दाखवणे यांची जबाबदारी द्यावी, म्हणजे नोकरीमुळे एखाद्या रविवारी आपल्याला येता आले नाही, तरी दुसऱ्या प्रौढ व्यक्तीच्या देखरेखीखाली ती दोघे तालीम सुरू करू शकतील. स्पर्धेचा विचार पुढच्या वर्षी मुलांना विचारूनच करावा. त्यांनी होकार दिला, तर आनंदाने उतरावे.