‘सरांना काय वाटेल?’

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. दोन वर्षांपासून चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटीला आहे. त्याचे साहेब रात्री अकराला फोन करतात, रविवारी बोलावतात, सगळ्यांसमोर झापतात. बहिणीच्या साखरपुड्याला त्याला जेमतेम अर्धा दिवस सुट्टी मिळाली. तरी घरी आला की त्याच साहेबांचं कौतुक : ‘सर कडक आहेत, पण माणूस घडवतात.’ मध्यंतरी दुसरीकडची चांगली ऑफर ‘सरांना काय वाटेल’ म्हणून नाकारली. शिकलासवरलेला मुलगा असा कसा वागतो? नोकरी सोडायला लावू का?
– एक वडील, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

नोकरी सोडायला लावू नका. साहेबांच्या धाकातून सुटून तो तुमच्या धाकात येईल, एवढंच होईल.

तो असा का वागतो, ते आधी पाहू. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला क्वालिटीत टाकतात, तेव्हा त्याला धड काही कळत नसतं. कस्टमरची कम्प्लेंट आलेली, लाइन थांबलेली, प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेले. माल सोडायचा की अडवायचा? अशा वेळी कुणी ठामपणे म्हणालं, ‘सोड. मी आहे ना,’ तर हायसं वाटतं. निर्णयाचं ओझं उतरतं. पुढे त्याची सवय लागते. त्यात नऊ वेळा झापणारा माणूस दहाव्यांदा प्लांट हेडसमोर ‘हा माझा पोरगा’ म्हणाला, की ते एक वाक्य महिनाभर पुरतं. अप्रेझलही त्याच्याच हातात. शिवाय, राग मानू नका, पण ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ हे आपण पोरांना चड्डीत असल्यापासून शिकवतो आणि पंचविशीत त्यांनी साहेबांशी बाणेदारपणे बोलावं अशी अपेक्षा धरतो.

तेव्हा मुलगा दुबळा आहे असं समजू नका. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी 1961 मध्ये प्रयोग सुरू केले. पोस्टातले कारकून, शिक्षक, विक्रेते, इंजिनिअर अशी साधी माणसं बोलावली. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला वाढवत न्यायचा. झटके खोटे होते, पण हे त्यांना सांगितलं नव्हतं. पहिल्या प्रसिद्ध फेरीत 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. घाम फुटत होता, हात थरथरत होते, तरी गेले. कुणी विचारलंच, तर ‘जबाबदारी माझी’ असं शास्त्रज्ञाची भूमिका करणारा सांगत असे. या प्रयोगांवर पुढे टीका पुष्कळ झाली. पण तुमच्या कामाच्या दोन फेऱ्या वेगळ्याच आहेत. हुकूम देणारा खोलीतून निघून फोनवर बोलू लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचातला जेमतेम एक उरले. आणि शेजारी बसलेल्या दोघांनी ‘आम्ही नाही करणार’ म्हटलं, तेव्हा 40 पैकी फक्त 4.

मला रात्रीच्या फोनपेक्षा जास्त काळजी वाटते ती मुलाच्या सहीची. क्वालिटीवाल्याची सही म्हणजे पार्ट मापात आहे अशी हमी. साहेब तोंडी ‘सोड’ म्हणतात, पण इन्स्पेक्शन रिपोर्टवर नाव कुणाचं? फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण आठवा. चाचणीपुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत होतं. सप्टेंबर 2015 मध्ये ते उघड झालं. त्या कंपनीतल्या धाकाबद्दल तेव्हा खूप छापून आलं. सर्वोच्च साहेब मार्टिन विंटरकॉर्न यांनी, आपल्याकडून काही गैर झाल्याचं ठाऊक नाही असं सांगत राजीनामा दिला. 2017 मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने त्यात सामील असलेल्या एका इंजिनिअरला 40 महिन्यांची कैद सुनावली. चाकणच्या पोराला कुणी तुरुंगात टाकणार नाही, पण ऑडिटमध्ये खोटा रिपोर्ट सापडला तर ‘मी आहे ना’ म्हणणारे त्या दिवशी जाग्यावर असतीलच असं नाही.

म्हणून तो घरी आला की साहेबांना नावं ठेवू नका. ठेवलीत तर तो त्यांची बाजू घेईल आणि बाजू घेता घेता स्वतःलाच पटवेल. त्यापेक्षा विचारा, ‘गेल्या महिन्यात तू स्वतः ठरवलेलं एक काम सांग.’ सांगता आलं, तर साहेब खरंच घडवतायत. कडक साहेब वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. गेज (माप तपासायचं साधन) कसा धरायचा हे ओरडून शिकवणारे, पण वर्षभराने ‘आता तूच ठरव’ म्हणणारे साहेब मी पाहिलेत. तुमच्या मुलाला दोन वर्षांनीही काही सांगता आलं नाही, तर तो तिथे शिकत नाही, फक्त राबतोय.

बाकी त्याने करायच्या गोष्टी. तोंडी हुकूम आला की लगेच छोटा मेल : ‘आपल्या सांगण्यानुसार अमुक लॉट सोडत आहे, कृपया कन्फर्म करावे.’ उद्धटपणा नाही, कामाची शिस्त आहे. आणि असा मेल गेल्यावर बरेच हुकूम आपोआप मागे येतात. नाही म्हणायचं तर समोर उभं राहून जमत नाही, तेही मेलवरच म्हणावं. डिपार्टमेंटमध्ये असंच वाटणारा एखादा तरी असतो, त्याला गाठावं. आयएटीएफ 16949 (गाड्यांच्या उद्योगातलं क्वालिटीचं आंतरराष्ट्रीय मानक) याचं इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग करून घ्यावं; ऑटो क्षेत्रात ते कुठेही चालतं आणि ‘सरांशिवाय माझं काय होईल’ ही भीती त्याने बरीच कमी होते.

पुढची ऑफर आली तर अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीस पीरियड आणि बॉन्डची कलमं वाचा, नवी ऑफर लेखी हातात येऊ द्या, मगच राजीनामा. तो मेलवर, एचआरला सीसी ठेवून. सरांना पेढे देऊन पाया पडायचं असेल तर खुशाल पडू द्या, पण रिलीव्हिंग लेटर मिळाल्यावर.