क्रिएटिनिनची वाट बघू नकोस

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

मेडिसिनची पहिलीच पोस्टिंग आणि तीही मुंबईच्या जुलैत, म्हणजे तुमच्या इमर्जन्सी डेला दोन खाटांच्या मधल्या जागेतही गाद्या पडल्या असणार. मूत्रपिंडाच्या तीव्र, म्हणजे अचानक झालेल्या, इजेबद्दल काय वाचू, असं तू विचारलंस. पुस्तकं तुझ्याकडे आहेतच. मी वॉर्डात उपयोगी पडेल तेवढं लिहिते, आणि मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसतं, तोवर इजा होऊन बहुधा एक-दोन दिवस उलटलेले असतात. वाचवण्यासारखं बरंचसं त्याच दिवसांत असतं, आणि तेव्हा तुझ्याजवळ असतात फक्त लघवीचं माप, पेशंटची हकीकत आणि तुझे हात.

निकष तुला पाठ असतील. केडिगो या मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या 2012 सालच्या व्याख्येप्रमाणे 48 तासांत क्रिएटिनिन डेसिलिटरमागे 0.3 मिलिग्रॅमने वाढलं, किंवा 7 दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट झालं, किंवा सलग 6 तास लघवी दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटरही झाली नाही, तर ती इजा. यातल्या तिसऱ्या निकषाकडे आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. 60 किलोच्या माणसाची सहा तासांत 180 मिलिलिटरही लघवी झाली नसेल, तर रिपोर्ट यायच्या आधीच तू कामाला लागायला हवंस. चार्टवर रात्रीच्या रकान्यात नुसतं ‘पास्ड’ लिहिलेलं सापडेल. सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. ज्या चार-पाच जणांची काळजी वाटते, त्यांची लघवीची बॅग स्वतः वाकून बघ. कॅथेटर (लघवीची नळी) नसेल तर नातेवाइकाच्या हातात मापाचं भांडं दे आणि कसं मोजायचं, कुठे लिहायचं ते एकदा करून दाखव. नातेवाईक हे काम मनापासून करतात.

लॅबने ‘नॉर्मल’ छापलं म्हणूनही निश्चिंत होऊ नकोस. अंगावर मांस नसलेल्या म्हातारीचं एरवीचं क्रिएटिनिन 0.5 असू शकतं. तिचा आजचा 1.0 हा आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसतो, पण तो दुप्पट झालेला असतो. जुने कागद बहुतेक घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असतात. मागवून घे.

कारणांचे तीन गट तू शिकलीसच: मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचणं, मूत्रपिंडालाच इजा होणं आणि लघवीची वाट अडणं. शिकवताना तिसरा शेवटी येतो, तू मात्र तो आधी तपास. पोटावर हात ठेव, ओटीपोट ठोकून बघ. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांचं मूत्राशय बेंबीपर्यंत आलेलं असतं आणि ‘थेंब थेंब होते’ म्हणून सगळे गाफील असतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्या जाऊ शकतात, तिथे कॅथेटर पुरत नाही. सोनोग्राफी त्याच दिवशी करून घे. कॅथेटर असूनही बॅग रिकामी असेल, तर आधी तो तुंबला नाही ना ते बघ. अडथळा निघाल्यावर काही तास भरमसाट लघवी होऊ शकते, तेव्हा पाणी आणि क्षार सांभाळायला लागतात.

मग औषधं. ‘कुठली गोळी चालू आहे?’ असं विचारलंस तर ‘बीपीची’ एवढंच उत्तर येईल, कारण पेनकिलरला आपल्या लोकांत औषध म्हणून मोजतच नाहीत. ‘कंबर दुखली की काय घेता? ताप आला तेव्हा इंजेक्शन मारलं का?’ असं विचार. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी आणि त्यावर डायक्लोफेनॅक हे पेनकिलर, आणि त्यात दोन दिवस जुलाब, एवढ्यावर चांगलं चालतं-फिरतं माणूस लघवी बंद होऊन येतं. अमिकासिनसारख्या अँटिबायोटिकने पाच-सात दिवसांनी इजा होते आणि लघवी मात्र चालू राहते, म्हणून ती लक्षात येत नाही. भस्मं आणि काढे यांबद्दलही विचार, पण रागावून विचारू नकोस, नाहीतर लपवतील. पित्तासाठी रोज घेतलेल्या पॅन्टोप्राझोलनेही क्वचित मूत्रपिंडाला सूज येते.

पावसाळ्याबद्दल जास्त लिहायला हवं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोचे (उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट रांगेने आले. तेव्हापासून गुडघाभर पाण्यातून चालून आलेला प्रत्येक तापाचा पेशंट आपल्यासाठी संशयित आहे. पोटऱ्या दाबून बघ, तो कळवळेल. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. प्लेटलेट्स कमी, काविळीचं बिलिरुबिन बरंच वर आणि यकृताचं एसजीपीटी मात्र त्या मानाने थोडंसंच वाढलेलं. आणखी एक खूण मला फार महत्त्वाची वाटते: मूत्रपिंड बिघडलेलं असूनही पोटॅशियम कमी किंवा नॉर्मल असतं आणि लघवी बऱ्यापैकी होत असते. पहिल्या आठवड्यात लेप्टोची आयजीएम अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तिच्यासाठी पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्सोन अडवून ठेवू नकोस. फुप्फुसात रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून सलाइन देताना श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन बघत राहा. फॅल्सिपेरम मलेरियाची स्लाइड त्याच वेळी जाऊ दे. पालघर-रायगडकडून आलेल्या माणसाच्या पायावर दंश असेल तर घोणस आठव, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं रक्त गोठतं का ते बघ, आणि गोठलं नाही तर प्रतिविषाला उशीर करू नकोस.

आणि लघवी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघ. ताजी दहा मिलिलिटर घे, सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरव, वरचं ओतून दे, तळाचा थेंब स्लाइडवर घे. चिखलाच्या रंगाचे, दाणेदार, नळीच्या आकाराचे कास्ट दिसले की मूत्रपिंडातल्या सूक्ष्मनलिकांच्या पेशी मेल्या आहेत, नुसत्या सलाइनने हे लगेच सुधारणार नाही. लाल पेशींचे कास्ट दिसले तर माझ्यासारख्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरला त्याच रात्री फोन कर.

उपचारात मूळ कारणावर घाव घालणं हेच खरं, बाकी सांभाळणं असतं. पाणी कमी असेल तर भरून काढ, आणि भरलं की थांब. सुजलेल्या पेशंटला सलाइन चालू ठेवल्याने मूत्रपिंड जागं होत नाही. रिंगर लॅक्टेटला घाबरू नकोस, त्यात लिटरला पोटॅशियम जेमतेम 4 मिलिइक्विव्हॅलंट असतं. लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या औषधाने अंगातलं पाणी उतरतं, इजा बरी होत नाही. मूत्रपिंड वाचवायला म्हणून दिलं जाणारं कमी डोसचं डोपामिन 2000 सालच्या मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरलं, तरी कोणी सुचवेल. नम्रपणे नको म्हण.

पोटॅशियम साडेसहाच्या वर गेलं किंवा ईसीजीत टी लहरी उंच झाल्या, तर आधी 10 टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिलिलिटर, दोन-तीन मिनिटांत. ते हृदय वाचवतं, पोटॅशियम उतरवत नाही. त्यासाठी ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, आणि मग पुढचे सहा तास दर तासाला शुगर, हे विसरू नकोस.

डायलिसिस कधी, यावर तुमच्या युनिटमध्ये वाद होतीलच. औषधाला न जुमानणारं पोटॅशियम किंवा आम्लता, फुप्फुसात भरलेलं पाणी, युरियाने आलेलं भ्रमिष्टपण किंवा हृदयावरणाची सूज, यातलं काही असेल तर क्षणभरही थांबू नकोस. नसेल, तर नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यासाठी घाई नको. 2020 साली स्टार्ट-एकेआय या तीन हजार रुग्णांच्या अभ्यासात लवकर सुरू केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट जगलेल्यांपैकी जास्त जण 90 दिवसांनंतरही डायलिसिसवरच राहिले. नातेवाईक ‘एकदा लागलं की कायमचं’ म्हणून सही करायला कचरतात. त्यांना बाजूला बसवून सांग की या आजारात बऱ्याच जणांचं डायलिसिस काही दिवसांत सुटतं.

पेशंट बरा झाला की तो थेट गावी जातो आणि आपल्या हातातून सुटतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत लिही: मूत्रपिंडाला इजा झाली होती, दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासावं. बंद केलेली बीपीची गोळी पुन्हा कधी सुरू करायची तेही लिही, नाहीतर ती कायमची बंद राहते.

तुझी,
मॅडम