‘थोडे थोडे सगळेच केले’ म्हणणारा व्हायोलिनवादक आणि विश्वस्तपद

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते. ‘आयुष्यभर थोडे थोडे सगळेच केले, धड एक काही केले नाही, आता जबाबदारीचे पद चालून आले आहे, ते मला पेलेल का?’ गेल्या वर्षी हाच प्रश्न घेऊन मुंबईतील एक व्हायोलिनवादक आले होते. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती हकिकत येथे मांडत आहे.

त्यांचे वय ५८. बालपण गोव्यात गेले. तेथे चर्चशी जोडलेल्या शाळेत त्यांना आधी स्वरलेखन वाचायला आणि मग वाद्य धरायला शिकवले गेले. मुंबईला आल्यावर ते चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात वाजवू लागले; पण सिंथेसायझर आला आणि जेथे व्हायोलिनवादकांच्या रांगा बसत तेथे एकटा कीबोर्डवाला पुरेसा ठरू लागला. मग हॉटेलातला बँड, दोन वर्षे प्रवासी जहाजावरची नोकरी, लग्नसमारंभ, परीक्षांसाठी मुलांच्या शिकवण्या. या साऱ्या काळात शहरातील एका वाद्यवृंदाच्या दुसऱ्या व्हायोलिन-गटातील त्यांची खुर्ची मात्र कायम राहिली. हा वाद्यवृंद सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असून वादकांना कार्यक्रमागणिक मानधन देतो. वादकांपैकी एक जण विश्वस्त मंडळावर असावा, असे मंडळाने ठरवले आणि विचारणा यांच्याकडे आली.

‘मंडळावर बँकेतले अधिकारी आहेत, वकील आहेत, मोठे व्यावसायिक आहेत. मी तिथे बसून काय बोलणार, मॅडम?’ त्यांनी विचारले.

अशा वेळी मी कामांची यादी करायला सांगते. ते दुसऱ्या भेटीला येताना जुन्या डायऱ्यांची पिशवीच घेऊन आले. १९८८पासूनच्या प्रत्येक कामाची नोंद तीत होती : तारीख, स्टुडिओ, किती तास, किती रुपये आणि शेवटच्या रकान्यात ‘मिळाले’ किंवा ‘बाकी’. काही ‘बाकी’ पुढे कधीच खोडले गेले नव्हते. तालमीचे तास कोठे कापले गेले आणि त्यामुळे कार्यक्रमात काय बिघडले, हेही मधूनमधून बारीक अक्षरात लिहिलेले होते. मी त्यांना एवढेच विचारले, की वाद्यवृंदाचे अंदाजपत्रक वाचायला याहून वेगळे काय लागते?

त्या वर्षाचे अंदाजपत्रक त्यांच्याजवळ होते. आम्ही ते सोबत वाचू लागलो आणि एका ओळीवर त्यांचे बोट थांबले. सभागृहातील वातानुकूलन तालमीच्या वेळी बंद ठेवून, प्रेक्षक आत येण्याआधी जेमतेम सुरू करण्याची बचत सुचवलेली होती. कागदावर ती निर्दोष दिसत होती. त्यांनी मात्र मला सांगितले, की पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत व्हायोलिनचे लाकूड फुगते, खुंट्या घट्ट बसतात, प्रसंगी सरसाचा सांधाही सुटतो. आणि दमट हवेत जुळवलेली तार थंड, कोरड्या हवेत तासाभरातच उतरते किंवा चढते. हे सांगताना त्यांचा आवाज पूर्णपणे बदलला होता. मंडळातील दुसऱ्या कोणालाही हे दिसले नसते, आणि ते त्यांना एका जागी बसून कळले नव्हते. जहाजावर, स्टुडिओत, लग्नाच्या मांडवात वाजवल्यामुळे कळले होते.

पाश्चात्त्य वाद्यवृंदांचा इतिहासही त्यांच्या बाजूने उभा आहे. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा कारभार १८४२पासून वादकच चालवतात. लंडनमध्ये वाद्यवृंद-संचालक हेन्री वुड यांनी आपल्या वाद्यवृंदात, दुसरे काम आले की स्वतःच्या जागी बदली वादक पाठवण्याच्या प्रथेला मनाई केली, तेव्हा बाहेर पडलेल्या वादकांनी १९०४ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा हा स्वतःच्या मालकीचा वाद्यवृंद काढला. चार ठिकाणी काम करूनच पोट भरणारी ही माणसे होती. मुंबईपुरते बोलायचे, तर १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे मेहली मेहता पुढे मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात वाजवत होते, नंतर अमेरिकेत चार वादकांच्या संचात होते, आणि १९६४ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसला तरुणांचा वाद्यवृंद सुरू केला. त्यांच्या आयुष्याला कोणी तुकड्यातुकड्यांचे म्हणत नाही.

इतके बोलणे झाल्यावर, जाता जाता, खरी भीती बाहेर आली. ‘माझ्या स्टँडवर शेजारी बसणारा गेली पंधरा वर्षे माझा मित्र आहे. मानधन वाढवायचे नाही असे ठरले, तर उद्या मी त्याच्या शेजारी कसा बसू?’ माझ्या मते त्यांचा मूळ प्रश्न हाच होता, आणि पात्रतेची शंका त्याच्यावर पांघरूण म्हणून आली होती. अशी दुहेरी निष्ठा गोड बोलून मिटत नाही. तिला नियमच लागतो. म्हणून पद स्वीकारण्याआधी मंडळाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात, असे आम्ही ठरवले. मानधनाचा विषय निघाला की त्यांनी आपला हितसंबंध सांगून खोलीबाहेर जावे आणि त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. मंडळातील कोणती माहिती वादकांना सांगता येईल, हे आधीच ठरावे. आणि विश्वस्त झाल्यावर वादक म्हणून मानधन घेता येते की नाही, हे न्यासाचा लेख (ट्रस्ट डीड) तपासून वकिलांनी स्पष्ट करावे. हा शेवटचा मुद्दा पुष्कळ जण संकोचापोटी विचारत नाहीत आणि नंतर तोच गळ्याशी येतो. चौथे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतले : पद घेण्यापूर्वी शेजारच्या मित्राला सारे सांगणे. ते काम त्यांना सर्वांत जड गेले, असे त्यांनी नंतर सांगितले.

त्यांनी पद स्वीकारले. विश्वस्त बदलल्याचा अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांच्या मुदतीत दाखल झाला. पहिल्याच सभेत मानधनाचा विषय निघाला आणि ते ठरल्याप्रमाणे उठून बाहेर गेले. वीस मिनिटे जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिले. परत बोलावल्यावर पुढचा विषय वातानुकूलनाचा होता. त्यावर ते दहा मिनिटे बोलले. तालीम सुरू होण्याच्या एक तास आधीपासून यंत्रणा चालू ठेवावी, असा ठराव झाला, आणि त्या रात्री त्यांनी डायरीत सभेची तारीख व तास लिहून रुपयांच्या रकान्यात आडवी रेघ मारली.