चाबूक घोड्यासाठी की पैज लावणाऱ्यासाठी?

(शर्यतीच्या तबेल्यांत अनेक वर्षे काम केलेल्या पशुवैद्य या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात.)

प्रश्न : डॉक्टर, वडिलांबरोबर पुण्याच्या रेसकोर्सवर गेले होते. आम्ही पैसे लावलेला घोडा शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत पुढे होता. मागून दुसरा आला आणि थोडक्यात जिंकला. आमच्या जॉकीने चाबूक जवळजवळ वापरलाच नाही. आजूबाजूची माणसं ओरडत होती, "अरे मार ना, मार!" वडील अजून म्हणतात, त्याने मुद्दाम घोडा ओढून धरला. मला मात्र जिंकलेल्या घोड्यावर पडणारे फटके बघवले नाहीत. चाबकाने घोडा खरंच जास्त पळतो का? आणि फटके बंद केले तर पैसे लावणाऱ्यांची फसवणूक होणार नाही का?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : आधी घोड्याचं बोलू, मग पैशांचं.

साडेचारशे-पाचशे किलोचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, ताशी साठ किलोमीटरने धावतो, तेव्हा त्याचा श्वास त्याच्या ढांगेशी बांधलेला असतो. एक ढांग, एक श्वास. दमला म्हणून मध्येच जास्तीचा श्वास घ्यायची सोय त्याला नाही. धावताना त्याची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते, म्हणून तो इतका वेळ तग धरतो. पण शेवटच्या सरळ पट्ट्यापर्यंत हे बळ संपत आलेलं असतं. स्टँडवरून आपल्याला वाटतं, शेवटी घोडे वेग वाढवतात. बहुतेक वेळा सगळेच मंदावत असतात. जो कमी मंदावतो तो मागून "आलेला" दिसतो. तुमच्या वडिलांनी पाहिलं ते बहुधा हेच. आणि चाबूक पडतो तो नेमका याच वेळी, थकलेल्या पुठ्ठ्यांवर.

सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये शर्यतींची टप्प्याटप्प्याची वेळ तपासली. घोड्यांचा सर्वांत जास्त वेग होता शर्यत संपायला 600 ते 400 मीटर उरले असतानाच्या टप्प्यात, जिथे चाबूक उगारलाच नव्हता. फटके सुरू झाले ते पुढे, वेग उतरत असताना. ब्रिटनमध्ये शिकाऊ जॉकींसाठी काही शर्यती अशा ठेवतात की चाबूक हातात असतो, पण पळवण्यासाठी मारायचा नसतो. अशा आणि नेहमीच्या मिळून 126 शर्यतींची तुलना 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. वेळेत म्हणावा असा फरक नव्हता, आणि फटक्यांविना घोडे जास्त भरकटले असंही दिसलं नाही.

"घोड्याची कातडी जाड असते, त्याला लागत नाही" हे वाक्य मी तबेल्यात शेकडो तोंडांतून ऐकलं आहे. 2020 मध्येच माणसाची आणि घोड्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहिली गेली. वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोकं वरच्या थरात दोघांचीही सारखीच दाट निघाली. पण त्यासाठी सूक्ष्मदर्शक तरी कशाला हवा? घोड्याच्या पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, हे कुठल्याही मोतद्दाराला विचारा. शर्यतीनंतर घोड्याला अंघोळ घालताना मी पुठ्ठ्यावरून हात फिरवायचे. ओल्या केसांखाली वळ डोळ्याला दिसत नाही, बोटांना लागतो, आणि बोट तिथे गेलं की घोडा अंग चोरतो. आता गादीचे, म्हणजे मऊ अस्तर लावलेले चाबूक आले आहेत आणि त्यांनी इजा कमी झाली, हे मी मान्य करते. कमी झाली, संपली नाही.

आता पैशांकडे येते, कारण चाबूक टिकून आहे तो माझ्या मते पैजेमुळे. जॉकीने घोड्याला शक्य तितक्या वरच्या क्रमांकावर आणण्यासाठी मनापासून प्रयत्न केलाच पाहिजे, असा शर्यतीचा नियम आहे. ज्याने पैसे लावले त्याला तो प्रयत्न डोळ्यांनी बघायचा असतो, आणि उगारलेला हात लांबूनही दिसतो. म्हणून गर्दी "मार, मार" ओरडते. पण ज्याला घोडा जिंकू द्यायचा नाही, तो शेवटच्या दोनशे मीटरची वाट बघत बसत नाही. तो गेटमधून उशिरा सुटतो, इतर घोड्यांच्या मागे कोंडून राहतो, वळणावर बाहेरून लांबचा फेरा घेतो, किंवा सुरुवातीलाच इतका पळवतो की पुढे काही उरत नाही. एवढं करून झाल्यावर हरलेल्या घोड्यावर चार फटके ओढणं त्याला काहीच जड नाही. चाबूक पाहून प्रामाणिकपणा ठरवणारा माणूस अशा जॉकीच्या हाती आयताच सापडतो. लबाडी सापडते ती वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रीकरणात, टप्प्यांच्या वेळेत, शर्यतीआधी पैजेचे भाव अचानक कुठे हलले त्यात आणि रक्त-लघवीच्या तपासणीत. स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, हे नेटाने केलं, तर तुमच्या वडिलांचे पैसे चाबकापेक्षा जास्त सुरक्षित राहतील.

दंडाचं गणितही बघा. ऑक्टोबर 2011 मध्ये इंग्लंडमधल्या ॲस्कॉट रेसकोर्सवर ख्रिस्तोफ सुमियाँ या जॉकीने सिरस देझेग्ल या घोड्यावर चॅम्पियन स्टेक्स ही शर्यत जिंकली. शेवटच्या फर्लांगमध्ये (सुमारे दोनशे मीटर) मर्यादेपेक्षा एक फटका जास्त मारला म्हणून त्याच्यावर बंदी आली आणि बक्षिसातला त्याचा वाटा अडवला गेला. घोड्याचा विजय मात्र कायम राहिला. 2023 पासून ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे. त्यावर चार जास्त पडले तर घोडाच बाद होतो. तरी हा निर्णय शर्यतीनंतर काही दिवसांनी होतो, आणि पैजांचे पैसे त्याच दिवशीच्या निकालावर चुकते झालेले असतात. म्हणजे फटक्यांच्या जोरावर जिंकणारी पैज तेव्हाही बुडत नाही! नॉर्वेने 1982 मध्येच चाबकावर कडक निर्बंध आणले, स्वीडनने 2022 पासून पळवण्यासाठी मारणं बंद केलं. दोन्हीकडे शर्यतीही चालतात, पैजाही चालतात. आपल्याकडे केंद्राच्या नियमांनी गादीचा चाबूक सक्तीचा केला आहे आणि फटक्यांवर मर्यादा घातली आहे. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. घोडा दुसऱ्याच्या अंगावर जायला लागला तर वळवायला चाबूक हातात असू द्यावा. पळवण्यासाठी एकही फटका नको.

तुमचा जॉकी लबाड होता की नाही, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण घोड्यात आता काही उरलेलं नाही हे सर्वांत आधी कळतं त्याच्या पाठीवरच्या माणसाला. थकलेल्या घोड्याला एका बाजूने मारलं तर तो दुसरीकडे झुकतो, आणि लगतच्या घोड्याचे पाय अडकून दोघे जॉकी खाली येऊ शकतात. हातांनी आणि टाचांनी घोडा शेवटपर्यंत रेटत नेणं हाही प्रयत्नच आहे. तरीही शंका असेल तर तारीख, शर्यतीचा क्रमांक आणि घोड्याचा नंबर लिहून स्टुअर्डांकडे लेखी विचारणा करा. जिंकलेल्या घोड्यावर फटके जास्त पडले असं वाटत असेल तर तेही त्याच पत्रात लिहा.

प्रश्न : माझा मुलगा पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, घोडे बघून पैसे लावतो. म्हणतो, सुप्रीम कोर्टानेच याला कौशल्य म्हटलंय, अभ्यास केला की यातून घर चालवता येईल. पगारातले पैसे जाऊ लागले आहेत.
– एक आई, ठाणे

उत्तर : 1996 च्या निकालात न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे खरं. पण म्हणून टोटचं, म्हणजे क्लबच्या एकत्रित पैजेचं, गणित बदलत नाही. टोटवर सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी जातो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. शिवाय सप्टेंबर 2025 पासून पैजेवरचा जीएसटी 40 टक्के झाला आहे. घोडा घाबरून घामाघूम झालाय, लंगडतोय, चमक गेलीय, एवढं मला पॅडॉकमध्ये कळतं. कोण जिंकणार ते माझी सगळी वर्षं या घोड्यांत जाऊनही कळलं नाही. कर्ज काढलंय का, ते त्याला ओरडा न करता विचारा. थांबायचं म्हणतो आणि थांबता येत नाही असं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. तो तयार नसेल तर आधी तुम्हीच फोन करा.