मुदत संपलेली सोल्डर पेस्ट वापरावी का?

तुम्ही विचारलंय, बोर्डावर पार्ट जोडायच्या ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर पेस्टची पन्नास ग्रॅमची डबी आहे, मुदत संपून चार महिने झाले, फ्रीजमध्येच होती, निम्मी शिल्लक आहे. टाकायची की वापरायची? लगेच टाकू नका. पण ती डबी तुमच्यापर्यंत आली कशी, हे आधी आठवा.

मी जालन्यात पंपाच्या स्टार्टरचे आणि सोलर कंट्रोलरचे बोर्ड दुरुस्त करतो. एका मे महिन्यात पुण्याहून पेस्ट मागवली होती. पार्सल ट्रॅव्हल्सने आलं आणि मध्ये रविवार आल्यामुळे दीड दिवस पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलं. मुदत संपायला अजून चार महिने होते, म्हणून मी बिनधास्त वापरली. आठ दिवसांत एक बोर्ड परत आला. भिंगाखाली धरला तर आयसीच्या दोन पायांमध्ये खसखशीहून बारीक सोल्डरचा गोळा अडकलेला, तिथंच शॉर्ट. त्या माणसाच्या मोसंबीच्या बागेला ऐन उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली. ते मला अजून लागून राहिलंय.

कारण असं आहे. पेस्टमध्ये वजनाने जवळपास ९० टक्के धातूची भुकटी असते, बाकी फ्लक्स. टाइप ४ या बारीक प्रतीच्या भुकटीचा कण २० ते ३८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढे बारीक कण म्हटल्यावर हवा लागायला पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे गंज लवकर चढतो. तो काढायचं काम फ्लक्सचं, पण फ्लक्स डबीत बसल्या बसल्याच खर्ची पडत जातो आणि उन्हाळ्यात तर भराभर. म्हणून बहुतेक पेस्ट ० ते १० अंशांत ठेवायला सांगतात. त्या तापमानात साधारण सहा महिने, काहींना वर्षाची मुदत असते. डबीवरची तारीख या थंडाव्याच्या हिशोबाने छापलेली असते, आपल्याकडच्या ४२ अंशांच्या नाही.

आता परीक्षा. आदल्या दिवशीच डबी फ्रीजबाहेर काढा, किमान चार तास झाकण उघडू नका. थंड पेस्टवर हवेतलं पाणी धरतं आणि गरम केल्यावर ती तडतड उडते. पावसाळ्यात तर हमखास. मग प्लास्टिकच्या चमच्याने हळू ढवळा. वर साचलेला फ्लक्स मिसळून लोण्यासारखी झाली तर पुढे जा. रवाळ, कोरडी राहिली तर तिथंच थांबा.

जुन्या बोर्डाचा तांबं नसलेला तुकडा घ्या. त्यावर काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा ठिपका ठेवा आणि हॉट एअर गनची (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राची) हवा कमी ठेवून तापवा. १८३ अंशांना ती वितळते. चांगली पेस्ट क्षणात आक्रसून एकच चकचकीत गोळा होते, भोवती फक्त स्वच्छ फ्लक्स. भोवती राखाडी कणांची झालर राहिली, तर भुकटी गंजली आहे. दुसरा ठिपका घासलेल्या तांब्यावर ठेवा. तिथे सोल्डर पसरायला हवं. गोळा होऊन बसलं तर फ्लक्स संपला.

घट्ट झाली म्हणून थिनर किंवा आयपीए (बोर्ड पुसायचं अल्कोहोल) घालू नका. मऊ होईल, पण गंजलेला कण काही परत नवा होत नाही. वापरून उरलेली पेस्ट डबीत परत टाकायची नाही.

दोन्ही परीक्षांत पास झाली, तरी मी ती मोठ्या पॅडच्या (बोर्डावरच्या सोल्डर लावायच्या तांब्याच्या जागांच्या) कामाला आणि सरावाच्या बोर्डांनाच वापरेन. बारीक पायांची आयसी आणि गिऱ्हाइकाचा बोर्ड असेल तर नवी. पेस्टचे वाचलेले पैसे एक बोर्ड परत आला की गेले.

सोल्डर वायरची एवढी चिंता नको, ती वर्षानुवर्षं चालते. काळवंडली असेल तर पुसून वापरा. ओएसपीचे (तांबं गंजू नये म्हणून पातळ सेंद्रिय थर दिलेले) कोरे बोर्ड मात्र सहा महिन्यांपेक्षा जुने असतील तर आधी एकावर सोल्डर धरतंय का बघा.

आणि ती डबी घरच्या फ्रीजमध्ये असेल तर आजच बाहेर काढा. ६३/३७ म्हणजे ३७ टक्के शिसं, आणि शिशाचा धोका लेकरांना सगळ्यात जास्त. जुना छोटा फ्रीज दुकानासाठी वेगळा ठेवा. टाकायची वेळ आलीच, तर घंटागाडीत नको, झाकण घट्ट लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.