मोठा मराठी निरोप आला की सर्व्हर कोसळतो

प्रश्न : पायथॉनमध्ये टीसीपी सॉकेटवर (नेटवर्कवरून बाइट पाठवण्या-घेण्याचे टोक) छोटा सर्व्हर लिहिला आहे. क्लायंटने पाठवलेली ओळ वाचायची आणि तीच परत पाठवायची, एवढेच काम. छोटे मराठी निरोप नीट जातात, पण मजकूर मोठा असला की मध्येच ‘युनिकोड डिकोड एरर’ येऊन सर्व्हर बंद पडतो. बाइट वाचणाऱ्या ‘रिसीव्ह’ला १०२४ दिले आहे, ४०९६ केले तर भागेल का? शिवाय बंद करून लगेच चालू केला की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ येते.

उत्तर : ४०९६ करून भागणार नाही, चूक फक्त उशिरा दिसेल. १०२४ म्हणजे ‘जास्तीत जास्त इतके बाइट दे’. निरोप कुठे संपला हे टीसीपीला ठाऊकच नसते. त्याच्या लेखी सगळी बाइटची सलग धार.

आता देवनागरीचे बघा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत) आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना आणि हलन्त धरून. ‘नमस्कार’ दिसायला चार अक्षरे, पण चिन्हे सात आणि बाइट २१. १०२४ ला तीनने भागले की एक उरतो, ४०९६ ला भागले तरी एकच. म्हणजे सलग देवनागरीत शेवटच्या चिन्हाचा पहिला बाइट अलीकडे आणि दोन पलीकडे राहतात. तो अर्धवट तुकडा तुम्ही डिकोड करता, म्हणजे बाइटची अक्षरे करू पाहता, आणि एरर येते. शब्दांमधली मोकळी जागा एकाच बाइटची असल्यामुळे मोजणी सरकते, म्हणून कधी चालते, कधी नाही. नेटवर्कवर तर तुकडा कुठेही पडू शकतो.

उपाय असा : आलेले बाइट बफरमध्ये (मेमरीतली तात्पुरती साठवण) साठवत जा, ओळ संपल्याची खूण (बाइट १०) सापडली की तिथपर्यंतचा भाग काढून मगच डिकोड करा, उरलेले पुढच्या ओळीसाठी ठेवा. अनेक बाइटच्या चिन्हात प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, त्यामुळे ही खूण अक्षराच्या पोटात कधीच सापडत नाही. बफरला मर्यादा घाला, समजा ६४ केबी. नाहीतर खूण न पाठवणारा एखादा क्लायंट मेमरी भरून टाकेल. ‘रिसीव्ह’ने रिकामे बाइट दिले तर समोरच्याने पाठवणे संपवले आहे, लूपमधून बाहेर पडा. हे राहिले तर लूप गरगर फिरत सीपीयू खातो. परत पाठवताना ‘सेंड’ऐवजी ‘सेंडऑल’ वापरा, कारण ‘सेंड’ अर्धेच पाठवून परतू शकते.

दुसऱ्या अडचणीचे कारण असे, की जी बाजू आधी कनेक्शन बंद करते तिच्याकडे ते ‘टाइम वेट’मध्ये, म्हणजे बंद झाल्यावरच्या थांब्याच्या अवस्थेत, रेंगाळते; लिनक्सवर ६० सेकंद. सॉकेटवर ‘एसओ रीयूज ॲड्रेस’ १ करा, पण ‘बाइंड’च्या (सॉकेटला पत्ता आणि पोर्ट जोडण्याच्या) आधी. नंतर केलेत तर एरर तशीच राहील.